फारोच्या लेकीपर्यंत

कामस मोर, ४ ऑक्टोबर १९५७

टॉरकील,

नऊ वर्षांनी घरचं पत्र आलं म्हणजे बाबा गेले असणार, असं समजू नकोस. आहेत. आज सकाळी दोन वाडगे ओटची पेज खाल्ली आणि वर मला ऐकवलं की मीठ कमी आहे. मीठ बरोबर होतं.

तुझा पत्ता डुगल्डनं दिला. टपाल वाटणाऱ्या माणसाला काय माहीत नसतं! विनिपेगमधलं तुझं घर त्याला कसं कळलं ते मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. आईच्या दफनाच्या दिवशी टोपीत तोंड खुपसून हसला होता, त्याची भरपाई करतोय बहुतेक.

लिहायला कारण घडलंय. बाबा रोज सकाळी दाढी करताना वंशावळ म्हणतात, तुला आठवत असेलच. गालाला साबण लागला की सुरू. एफी हेक्टरची, हेक्टर लॅकलनचा, लॅकलन इवनचा, असं एकेक पायरी वर चढत बासष्ट नावं, थेट स्कोटापर्यंत. इजिप्तच्या फारोची लेक, जिच्या नावावरून या देशाला नाव पडलं. तिच्यापाशी पोचेपर्यंत हनुवटी साफ होते. पूर्वी सुरुवात तुझ्यापासून व्हायची. आईला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून माझ्यापासून व्हायला लागली. एक शब्द न बोलता तुला गाळलं त्यांनी.

ऑगस्टमध्ये एके सकाळी त्यांनी सुरुवात केली ती 'हेक्टर लॅकलनचा' अशी. मला वाटलं, माझ्यावर रागावलेत. आदल्या दिवशी मेंढरांवरून बोलाचाली झाली होती. दुसऱ्या दिवशी तेच. पंधरवड्यानं 'लॅकलन इवनचा'. स्वतःचंच नाव गेलं! वस्तरा हातात, आरशात स्वतःचं तोंड, आणि नावं आजोबांपासून. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू कुणाची गं?"

आपल्याकडे पोराला नाव कोण विचारतं? कुणाचं ते विचारतात. मी म्हटलं, हेक्टरची. म्हणाले, असेल बाई, हेक्टर पुष्कळ आहेत.

तालुक्याच्या गावाहून डॉक्टर येऊन गेला. त्याचं म्हणणं, या दुखण्यात नवं आधी जातं आणि जुनं मागं राहतं. नवं म्हणजे आपण दोघं. तुझं नाव आधीच नव्हतं, आता माझंही नाही. आपली फिटंफाट झाली म्हण.

यायचं असेल तर लवकर ये, एवढंच लिहायचं होतं. आज सकाळी 'डंकन रॉरीचा' इथून सुरुवात झाली.

एफी


कामस मोर, २१ नोव्हेंबर १९५७

प्रिय टॉरकील,

चार ओळी! तारेत शब्द मोजावे लागतात बाबा, पत्रात नाही. तरी उत्तर आलं. डुगल्डनं सायकलवरून उतरून हातात दिलं आणि मी ते उघडेपर्यंत चाकाची हवा बघत उभा राहिला. त्याला आत बोलावून चहा पाजावा लागला.

तू लिहितोस, मी एकच वाक्य बोललो होतो. खरंय, एकच. मी बायकांबरोबर कबरस्तानाच्या भिंतीबाहेर होते, पण वारा आमच्याकडे येत होता. बाबा आईच्या पेटीशी उभे राहून नावं म्हणत होते. फर्गस, कॉनल, एंगस, कॉरमॅक, इवन. आणि त्यापाठोपाठ पुन्हा फर्गस, कॉनल, एंगस, कॉरमॅक, इवन. आयुष्यभर ते तसंच म्हणत आले होते. आणि तू म्हणालास, "ही पाच माणसं आत्ताच येऊन गेली, बाबा."

डुगल्ड हसला, मग आणखी दोघं हसले. बाबा थांबले. पुढचं नाव त्यांना सापडेना. दोनदा तोंड उघडलं, मग फावडेवाल्यांना हातानंच खूण केली. आईला अर्ध्या नावांवर पुरलं. नावं शेवटपर्यंत पोचली नाहीत तर माणूसही पोचत नाही, हे ज्यांचा विश्वास नाही तेसुद्धा मानतात, आणि बाबांचा तर होता.

त्यांनी तुला घरी येऊन एवढंच विचारलं, "कुणी दाखवलं तुला?" आणि तू म्हणालास, "कुणी नाही. मी मोजलं."

तू मोजलं नव्हतंस. मी दाखवलं होतं. आई आजारी असताना पिठाची पेटी घासायला काढली तेव्हा तळाशी आजोबांची वही मिळाली. आजोबा पोरवयात जुन्या पाद्र्याच्या गाई राखायचे. पाद्र्याकडच्या जाड पुस्तकातून त्यांनी नावं उतरवून घेतली होती, आणि पान उलटताना आधीच्या पानावरची शेवटची पाच पुन्हा लिहिली होती. मीच तुला मागच्या दारी बोलावून ती पानं दाखवली. आपण दोघं पोट धरून हसलो. म्हणजे फारोचं रक्त पिठाच्या पेटीतून आलं, असं तू म्हणालास. तेव्हा गावात बाबांना सगळे फारोच म्हणायचे. फारोची बोट आली, फारोच्या मेंढ्या माझ्या ओटमध्ये शिरल्या. आपल्याला त्याची लाज वाटायची. तूही कबूल कर.

तू माझं नाव घेतलं नाहीस. ते मी विसरलेली नाही.

तू विचारलंस, तुझं पहिल्या वर्षीचं पत्र बाबांना मिळालं का. मार्च एकोणपन्नासचं. त्या मार्चात वादळं फार होती. तीन आठवडे बोट लागली नव्हती. टपालाचं काय सांगता येतं? यंदा हिवाळा लवकर आलाय. काळी मेंढी लंगडतेय. जळणाची माती दलदलीतून कापून आणली ती पुरती वाळलेली नाही, घरभर धूर होतो.

आणि तू विचारलंस, ते माझं नाव काढतात का. टॉरकील, ते कुणाचंच काढत नाहीत. आज सकाळी एकेचाळीस नावं झाली. मी मोजते.

एफी


कामस मोर, ८ जानेवारी १९५८

प्रिय टॉरकील,

तुझं पत्र नाताळाच्या आदल्या दिवशी आलं. तू लिहिलंस, बाबांनी मला नावांत परत घेतलं तर मी येईन, नाहीतर परक्यासारखा दारात उभा राहायला येणार नाही. तुझा मान तुझ्यापाशी. फारोचं रक्त नसेल, पण ताठा सगळा त्यांचाच.

तर ऐक. बाबांनी तुझं नाव घेतलं.

नवीन वर्षाच्या सकाळी. मी पाणी तापवून दिलं होतं, निळ्या कडांच्या भांड्यात. डाव्या गालाला साबण लावून झाला होता, उजव्याला लागायचा होता. बाहेर डुगल्डचं कुत्रं भुंकत होतं. आणि बाबा म्हणाले, 'टॉरकील हेक्टरचा, हेक्टर लॅकलनचा.' अगदी स्पष्ट. मग थोडे हसले. मी चुलीशी होते. हातातलं उलथणं तसंच राहिलं आणि ओटची भाकरी करपली.

आणखी एक सांगते. बाबांनी स्वतःच्या दफनाची कार्डं मागंच लिहून ठेवलीत, शहाणी माणसं ठेवतात तशी. पेटीच्या आठ दोऱ्या, आठ कार्डं, प्रत्येकावर पेटीचं चित्र, दोरीचा नंबर आणि धरणाऱ्याचं नाव. कपाटात चहाच्या डब्यात होती. दोन नंबर डुगल्डचा, पायाकडची दोरी. हसला होता तरी दिली. तीन ते आठ शेजारपाजारचे. त्यातले तिघे आता स्वतःच मातीत आहेत. आणि एक नंबरचं, डोक्याकडच्या दोरीचं, थोरल्या मुलाचं कार्ड कोरं आहे. चित्र काढलंय, नंबर घातलाय, नाव नाही. दुसऱ्या कुणाचंही घातलेलं नाही, लक्षात घे.

डॉक्टरच्या मते उन्हाळा दिसेल असं नाही. तू ये. त्यांनी तुला ओळखावं असं मी वचन देत नाही. पण पेटीचं डोकं दुसऱ्याच्या हातात जाऊ नये. बासष्ट पिढ्या असोत की सत्तावन्न, शेवटचा तूच आहेस. मी बाई माणूस, मला तर भिंतीच्या आतसुद्धा घेणार नाहीत.

ये.

एफी


कामस मोर, ३ मार्च १९५८

टॉरकील,

तुझं आठ पानी पत्र मिळालं. बोटीचं तिकीट काढलंस, चौदा एप्रिलला ग्रीनॉकला उतरतोस, शाळेतून तीन महिन्यांची रजा मिळाली, सगळं वाचलं. शेवटच्या पानावर तू लिहिलंयस की बाबांनी तुला नावांत परत घेतलं, तेव्हा त्या पहिल्या पत्राला उत्तर दिलं नाही हे तू मनातून काढून टाकलंस. आल्यावर त्यांचा हात धरून तसं सांगणार आहेस.

हे पान मी तीनदा वाचलं आणि मग मला जेवण गेलं नाही.

मी आता लिहिते ते एका दमात वाच. मध्ये थांबलास तर पुढचं वाचणार नाहीस.

तुझं पत्र वादळात हरवलं नव्हतं. डुगल्डच्या आधी जो टपाल आणायचा त्यानं ते माझ्या हातात दिलं. बाबा दलदलीवर जळण बघायला गेले होते. पाकिटावर त्यांचं नाव होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना. मला वाटलं, यात तू लिहिलं असणार की वही एफीनं दाखवली. आई गेली, तू गेलास, त्या घरात बाबा आणि मी दोघंच. त्यांनी मला विचारलं असतं तर मी कुठं गेले असते? मी किटलीच्या वाफेवर पाकीट धरलं. वाफेनं नीट सुटलं नाही, फाटलं.

आत माझं नाव नव्हतंच. तू लिहिलं होतंस, मी चुकलो. सगळ्या गावासमोर बोललो तर सगळ्या गावासमोर माफी मागेन. लिहिलं होतंस, एकाच नावाचे आजोबा-नातू आपल्याकडे घरोघर आहेत, तेव्हा ती पाच माणसं खरंच दहा असू शकतात. मला शब्दन् शब्द पाठ आहे. एवढं पत्र बाबांना मिळालं असतं तर ते त्याच रात्री उत्तर लिहायला बसले असते. पण फाटलेलं पाकीट त्यांच्या हातात कसं देऊ? काय सांगू, कुणी फोडलं? अर्धा तास मी ते घेऊन उभी होते. मग दाराशी त्यांचे बूट वाजले आणि मी ते चुलीत घातलं.

एवढंच झालं. एका फाटलेल्या पाकिटापायी नऊ वर्षं. ते तुझ्या पत्राची वाट बघत होते आणि तू त्यांच्या उत्तराची. रोज टपालाच्या वेळेला ते फाटकाशी काहीतरी दुरुस्त करत असायचे. नऊ वर्षं त्या फाटकाला काही झालं नव्हतं.

आणि नवीन वर्षाच्या सकाळी त्यांनी तुझं नाव घेतलं नाही. कुत्रं भुंकत होतं, तेवढं खरं आहे.

हे न सांगता मी तुला येऊ दिलं असतं. ठरवलंच होतं. पण मागच्या गुरुवारी जे झालं त्यानंतर जमेना. तेही सांगते.

मी पावसात मेंढरं आत घेऊन आले, नखशिखांत भिजलेली. दुपार होती. बाबा खुर्चीत बसले होते. आता त्यांच्याकडे वरची सहासात नावंच राहिलीत, कधी कधी तीन. त्यांनी नेहमीचं विचारलं, तू कुणाची गं? सहा महिने मी उत्तर देतेय. हेक्टरची म्हटलं, लॅकलनची म्हटलं, डंकनची म्हटलं, एकेक पायरी त्यांच्यामागं चढत गेले, पण मी पोचेपर्यंत ते पुढच्या पायरीवर. त्या दिवशी कंटाळून म्हटलं, फारोची.

टॉरकील, ते उठून उभे राहिले. जो माणूस ऑगस्टपासून माझ्यासाठी मानही वळवत नाही, त्यानं डोक्यावरची टोपी काढली. "या. फार लांबून आलात," म्हणाले. मला स्वतःच्या खुर्चीत बसवलं. माझे पाय बघून म्हणाले, भिजलेत की. खाली बसून, गुडघे धरत धरत, स्वतःचे लोकरी मोजे काढून माझ्या पायांत घातले. त्यांनी माझ्या पायाला हात लावला तो मी चार वर्षांची असताना, त्यानंतर तेव्हाच. मी रडले. त्यांना वाटलं, प्रवासाचा शीण.

मग माझ्या मनात आलं, मला लेक म्हणून बोलता येत नाही, पण फारोची लेक म्हणून येईल. तिचं तरी ते ऐकतील. मी म्हटलं, हेक्टरचा मुलगा टॉरकील, त्याच्यावर राग धरू नका. वही त्याच्या बहिणीनं दाखवली. त्याचं पत्रही तिनंच जाळलं.

बाबांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग बोटांवर मोजायला लागले, एकेक बोट दाबत, दोन्ही हात, पुन्हा दोन्ही हात. मोजून दमले आणि म्हणाले, "टॉरकील का? त्याला फार वेळ आहे, बाईसाहेब. तो अजून जन्मायचाय."

मी म्हटलं, आणि त्याची बहीण?

"तीही नाही. अजून कुणीच काही केलेलं नाही," म्हणाले, आणि माझ्या मोज्यांच्या कडा नीट केल्या.

यापुढं मला त्यांच्याकडून काही मिळायचं नाही. ना शिव्या, ना माफी. ज्याचा गुन्हा केला तो माणूस हजार वर्षं मागं निघून गेला. राहिलास तू.

तिकीट काढलंयस. चौदा एप्रिल. मी काही मागत नाही. माझ्याशी बोलू नकोस, घरात माझ्या हातचं खाऊ नकोस, डुगल्डकडे उतर. पण दोरी धरायला ये.

एफी


कामस मोर, २३ एप्रिल १९५८

टॉरकील,

चौदा तारखेनंतर आपल्याकडे चार बोटी लागल्या. चारही वेळा मी धक्क्यावर होते. पहिल्या दोन वेळा डुगल्ड बरोबर आला. तिसऱ्या वेळी म्हणाला, एफी, गुडघा दुखतोय. गुडघा दुखत नव्हता, मला बघवत नाही एवढंच त्याला म्हणायचं होतं.

शेवटच्या बोटीतून एक माणूस उतरला, तुझ्याएवढा उंच, हातात तपकिरी बॅग. मी हात वर केला. मेंढ्यांचं औषध विकणारा होता. त्यानंही हात वर केला.

बाबांनी पाच दिवसांत अन्न घेतलेलं नाही. ओठांना पाणी लावते. दाढी मीच करते. परवा साबण लावला तेव्हा एकच नाव म्हणाले, फारोच्या लेकीचं. काल नुसतेच ओठ हलले.

हे पत्र विनिपेगलाच पाठवते. तू कुठं आहेस ते मला माहीत नाही, पण डुगल्ड म्हणतो, तिथल्या घरून परत आलं नाही म्हणजे पोचलं.

एफी


कामस मोर, ११ मे १९५८

प्रिय टॉरकील,

बाबा एक मेला सकाळी गेले. चार तारखेला पुरलं, आईच्याच कबरीत. आधीची दोन्ही पत्रं परत आली नाहीत, म्हणजे तुला मिळालीत. या पत्राचंही तसंच होईल असं धरून लिहिते.

घर आवरताना ती वही पुन्हा काढली. त्या वेळी आपण हसण्याच्या नादात नीट पाहिलीच नव्हती. दुसऱ्या पानावरच्या त्या पाच नावांपुढं पेन्सिलीच्या बारीक खुणा आहेत, पाच, आणि कडेला बाबांच्या अक्षरात लिहिलंय, 'दोनदा आली. वडील असंच म्हणत.' खाली तारीख आहे. एकोणीसशे अकरा. तुझा-माझा जन्म व्हायच्या आधीची.

त्यांना माहीत होतं. नावं पुस्तकातली आहेत, पाच जादा आहेत, सगळं माहीत होतं आणि तरी आपले वडील म्हणत तसंच ते म्हणत होते. मग मी आईच्या दफनानंतरचा त्यांचा तो प्रश्न आठवला. तू काय बोलतोस असं त्यांनी विचारलं नव्हतं. कुणी दाखवलं, असं विचारलं होतं. दाखवण्याजोगी वस्तू पेटीच्या तळाशी आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि पेटी घरात कोण घासतं हेही ठाऊक होतं. टॉरकील, त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं की ती मी. माहीत असून नऊ वर्षं माझ्या हातची पेज खाल्ली आणि ताकास तूर लागू दिली नाही. मी ज्या भीतीनं पाकीट फोडलं ती भीतीच खोटी होती. काय करू आता हे कळून? कुणाला सांगू?

दफनाचं सांगते, तुझा हक्क आहे.

दोऱ्या आठ आणि गावात धरणारे पुरुष उरलेत सहा, त्यात एक पाद्री. त्याच्या हातात पुस्तक. म्हणजे पाच. मी भिंतीबाहेर शेजारच्या केटीबरोबर उभी होते. एक नंबरची दोरी पेटीच्या झाकणावर तशीच गुंडाळून ठेवली होती, तू येशील म्हणून कुणी उचलली नाही. पेटी खड्ड्यावर घेतली तसं डोकं खाली जायला लागलं. पाच जणांना तोलेना. डुगल्ड पायाकडून ओरडला, धरा, धरा कुणीतरी, आणि धरणारं कुणी नव्हतं.

मी भिंत चढून आत गेले. स्कर्ट फाटला. पाद्री म्हणाला, "एफी, हे बायकांचं काम नाही." मी म्हटलं, "मग तुम्ही करा." त्यानं पुस्तकात बघितलं. मी दोरी मनगटाला वेढा देऊन धरली आणि आम्ही बाबांना खाली सोडलं. हलके झाले होते. तरी मनगटावर वळ आहे.

दोऱ्या आत टाकल्या. माणसं फावड्यांकडे वळली, कारण नावं म्हणणारा पेटीत होता. तेव्हा मी म्हणायला लागले. मला कुणी शिकवली नव्हती. मुलींना शिकवत नाहीत. तीस वर्षं चुलीशी उभी राहून ऐकली होती. टॉरकील हेक्टरचा, इथून सुरुवात केली. तुला नावांत परत घेतलं. मला तसा अधिकार नाही, पण अधिकार असलेलं कुणी राहिलं नव्हतं.

लॅकलन, इवन, डंकन, रॉरी, वर चढत गेले. कुणी हललं नाही. फर्गस, कॉनल, एंगस, कॉरमॅक, इवन. क्षणभर वाटलं, आता पुढं जावं, चूक सुधारावी. पण बाबांच्या तोंडून जशी आली तशीच जायला हवीत. म्हणून पुन्हा म्हटली. फर्गस, कॉनल, एंगस, कॉरमॅक, इवन.

आणि तिथं मी थांबले. नाव विसरले म्हणून नाही. कुणीतरी म्हणेल, ही पाच माणसं आत्ताच येऊन गेली, म्हणून थांबले. वारा पडला होता, कुणी साधं खाकरलं असतं तरी ऐकू आलं असतं. डुगल्डनं टोपी छातीशी धरली होती आणि तो खाली बघत होता. मी फाटकाकडे पाहिलं. मग रस्त्याकडे पाहिलं, धक्क्यापर्यंत. पाद्र्यानं घड्याळ काढलं तरी मी थांबलेलीच होते.

कुणीच म्हणालं नाही.

मग पुढं गेले, फारोच्या लेकीपर्यंत. आईची अर्धी राहिली होती, तीही त्यातच धरली.

माझ्यामागं ही नावं म्हणणारं कुणी नाही. डुगल्ड म्हणतो, लिहून ठेव. लिहिलेली आहेतच की, पिठाच्या पेटीत. म्हणायला माणूस लागतं.

सोबत एक नंबरचं कार्ड पाठवते. नाव मी घातलंय, तुझं. ते आधीच घालून, वेळेवर पाठवायचं असतं, मला माहीत आहे.

एफी, हेक्टरची